चॅप्टर ७, चॅप्टर १३ की सेटलमेंट? अमेरिकेत कर्जात बुडालेल्यांसाठी एक तुलना

क्रेडिट कार्डांवर मिळून ४०,००० डॉलर थकले आहेत आणि व्याज २४ टक्के आहे असं धरा. नुसतं व्याज महिन्याला ८०० डॉलर. दरमहा इमानेइतबारे ८०० भरणारा माणूस पाच वर्षांत ४८,००० डॉलर देतो आणि तरी मुद्दल जिथल्या तिथे असतं. अमेरिकेतली आपली माणसं या चक्रात सापडली की वकिलाकडे फार उशिरा जातात. आधी ४०१(के), म्हणजे निवृत्तीसाठीचं बचत खातं, मोडतात, मग मित्राकडून उसने घेतात, मग भारतातल्या भावाकडे शब्द टाकतात. सगळे दरवाजे बंद झाल्यावर दिवाळखोरीचा, म्हणजे त्या कायद्यातल्या चॅप्टर ७ किंवा चॅप्टर १३ खाली कोर्टात अर्ज करायचा, विचार सुरू होतो. हा क्रम उलटा करा, एवढंच मला कळकळीने सांगायचं आहे. ४०१(के)मधल्या पैशाला दिवाळखोरीत सहसा कुणी हात लावू शकत नाही. कायदा जे वाचवतो तेच आपण लाजेपोटी आधी संपवून बसतो.

दिवाळखोरीशिवायचे रस्ते

पगार नियमित आहे, कर्ज आवाक्यातलं आहे, फक्त व्याजाने कंबरडं मोडलंय, अशी स्थिती असेल तर ना-नफा क्रेडिट काउन्सेलिंग संस्थेचा परतफेडीचा प्लॅन आधी पाहा. संस्था कार्ड कंपन्यांकडून व्याज कमी करून घेते, तुम्ही दरमहा एकच हप्ता भरता, आणि साधारण तीन ते पाच वर्षांत मुद्दल पूर्ण फिटतं. हप्ता झेपणार असेल तर यात वाईट काही नाही.

सेटलमेंटच्या जाहिरातींपासून मात्र सावध राहा. ‘निम्म्यात मिटवून देतो’ हे ऐकायला गोड लागतं, पण वरच्याच आकड्यांवर हिशोब करून पाहा. ४०,००० चे २०,००० झाले. कंपनीची फी बहुतेकदा मूळ कर्जाच्या टक्केवारीत असते; २० टक्के धरली तर ८,००० गेले. माफ झालेले २०,००० हे कर खात्याच्या लेखी तुमचं उत्पन्न. ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त माफी मिळाली की सहसा १०९९-सी फॉर्म येतो. २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर आणखी ४,४०० कर. एकूण ३२,४०० डॉलर. माफीच्या वेळी तुमची देणी मालमत्तेपेक्षा जास्त होती हे फॉर्म ९८२ भरून दाखवलं तर कर टळू शकतो, पण हे अनेकांना ठाऊकच नसतं. दिवाळखोरीत माफ झालेल्या कर्जावर मुळात आयकर लागत नाही.

शिवाय वाटाघाटींच्या काळात हप्ते थांबवायला सांगतात, आणि त्या मधल्या काळात कार्ड कंपनीला तुमच्यावर दावा लावण्यापासून कुणी रोखलेलं नसतं. सेटलमेंट मान्य करायचं बंधनही तिच्यावर नाही. फोनवरून ग्राहक मिळवणाऱ्या कंपन्यांना निदान एक तरी कर्ज मिटवण्याआधी फी घ्यायला २०१० पासून मनाई आहे. कुणी आधी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. हातात एकरकमी पैसा आहे आणि देणेकरी एक-दोनच आहेत, एवढ्याच परिस्थितीत मला सेटलमेंट पटतं.

सात आणि तेरा, शेजारी शेजारी

दोन्हींत एक गोष्ट समान आहे. अर्ज दाखल झाला त्या क्षणापासून वसुलीचे फोन, दावे, पगारातून होणारी कपात, सगळं सहसा थांबतं. महिनोन्‌महिने अनोळखी नंबर पाहून पोटात गोळा येणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. दोन्हींसाठी अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून काउन्सेलिंग घ्यावं लागतं. नागरिकत्वाची अट नाही. अमेरिकेत राहत असाल, तिथे धंदा किंवा मालमत्ता असेल तरी अर्ज करता येतो. व्हिसावर असाल तर मात्र इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्या.

चॅप्टर ७ म्हणजे एक घाव दोन तुकडे. कोर्टाची फी ३३८ डॉलर, तीही हप्त्यांनी भरता येते आणि उत्पन्न फारच कमी असेल तर माफ होऊ शकते. सगळं सुरळीत झालं तर साधारण चार महिन्यांत डिस्चार्ज, म्हणजे कर्जातून सुटका देणारा कोर्टाचा आदेश, मिळतो. अट उत्पन्नाची: मागच्या सहा महिन्यांची सरासरी तुमच्या राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडून पाहतात. जास्त निघाली तर खर्च वजा करून पुढचा हिशोब होतो. अलीकडेच नोकरी गेली असेल तर दोन-तीन महिने थांबल्याने सरासरी खाली येते. म्हणून अर्जाची तारीख घाईत ठरवू नये. बदल्यात, कायद्याने सूट दिलेल्या मालमत्तेपलीकडे जे काही असेल ते ट्रस्टी (तुमचं प्रकरण पाहायला नेमलेला माणूस) विकू शकतो. ही सूट राज्यागणिक बदलते. टेक्सास आणि फ्लोरिडात राहत्या घराच्या रकमेला, जागेच्या आणि वास्तव्याच्या काही अटी सोडल्या तर, मर्यादाच नाही. न्यू जर्सीत राज्याची घरासाठी वेगळी सूटच नाही, तिथे केंद्राची सूट निवडावी लागते. घरमालकाने मित्राच्या अनुभवावर विसंबू नये ते याचसाठी.

चॅप्टर १३ मध्ये मालमत्ता हातची जात नाही, पण तीन ते पाच वर्षं ट्रस्टीकडे दरमहा हप्ता भरावा लागतो. फी ३१३ डॉलर, आणि वकिलाचे पैसे बरेचदा प्लॅनमधूनच फेडता येतात. तो तीन प्रकारच्या लोकांसाठी सरस आहे. पहिले, घराचे हप्ते थकलेत पण घर सोडायचं नाही असे: थकबाकी प्लॅनच्या मुदतीत वाटून भरता येते. सातमध्ये लिलाव थोडा लांबतो, थकबाकी भरून काढायची सोय मिळत नाही. दुसरे, ज्यांच्यासाठी मित्राने किंवा नातेवाइकाने सही केलीय असे: कर्ज धंद्याचं नसून घरखर्चासाठीचं असेल तर तेरा चालू असताना त्या को-सायनरलाही सहसा संरक्षण मिळतं, सातमध्ये वसुलीवाला दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊ शकतो. तिसरे, कायद्याने सूट दिलेली नाही अशी मालमत्ता असलेले. त्यांच्याबद्दल पुढे येतंच आहे.

तेराची दुबळी बाजू म्हणजे काळ. पाच वर्षांत नोकरी जाते, मूल होतं, गाडी बंद पडते. प्लॅन मध्येच मोडला आणि कोर्टाने अर्ज फेटाळला तर उरलेलं कर्ज परत अंगावर येतं. प्लॅनमध्ये बदल मागता येतो, तो वेळीच मागा. माझं मत असं: सातला पात्र असाल आणि वाचवण्यासारखं घर, को-सायनर वा मालमत्ता नसेल, तर ‘निदान थोडे तरी फेडले’ या समाधानासाठी तेरा निवडू नका. डिस्चार्जनंतर स्वखुशीने कुणाचेही पैसे फेडायला कायद्याची आडकाठी नाही.

मुलांचा खर्च, पोटगी, अलीकडचे कर आणि फसवणुकीतून झालेलं देणं दोन्हींत सुटत नाही. शैक्षणिक कर्जासाठी कोर्टात वेगळा दावा करून असह्य ओढाताण सिद्ध करावी लागते. केंद्र सरकारच्या कर्जांबाबत नोव्हेंबर २०२२ पासून ही प्रक्रिया पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे.

भारतातली मालमत्ता आणि घरच्यांचे पैसे

आपल्या लोकांचं घोडं सर्वांत जास्त इथे अडतं. अर्जात जगभरातली मालमत्ता लिहावी लागते. आईबरोबर जोडनावाने असलेला फ्लॅट, वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा, एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या) खात्यातली ठेव, सोनं, सगळं. सातबाऱ्यावर नाव आहे पण ताबा काकांकडे आहे, तरीही लिहायचं आणि वस्तुस्थिती खुलासा करून सांगायची. अर्ज शपथेवर असतो. जाणूनबुजून लपवणं हा केंद्रीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुसती दिवाळखोरी हा गुन्हा नाही. ‘तिकडचं इथे कोणाला कळतंय’ असा सल्ला देणारा हितचिंतक त्या वेळी बाजूला उभा नसतो.

अर्ज करण्याआधी हिस्सा बहिणीच्या नावावर करून टाकणं तर त्याहून वाईट. मागच्या दोन वर्षांतले असे व्यवहार ट्रस्टी उलटवू शकतो, आणि हेतू लपवण्याचा दिसला तर डिस्चार्जच हातचा जाऊ शकतो. अशा वेळी तेरा कामाला येतो: त्या हिश्शाच्या किमतीइतकी रक्कम प्लॅनमधून देणेकऱ्यांना दिली तर हिस्सा तुमच्याकडे राहतो.

दुसरी अडचण भावाच्या पैशांची. भावाने १०,००० डॉलर दिले होते. बँकांचं होईल ते होवो, निदान घरचे पैसे तरी परत करू, असं वाटतं. भावना खरी आहे. पण नातेवाइकाला अर्जाआधीच्या एका वर्षात केलेली परतफेड ट्रस्टी त्याच्याकडून परत मागू शकतो. म्हणजे ज्याला वाचवायला गेलो त्यालाच कोर्टाची नोटीस. त्यापेक्षा भावाचं नाव देणेकऱ्यांच्या यादीत लिहा, त्याला आधी फोन करून कल्पना द्या, आणि डिस्चार्जनंतर जमेल तसे स्वखुशीने फेडा.

अर्जानंतरच्या १८० दिवसांत वारसा लागला तर तोही या प्रकरणात येतो. घरी कुणी अत्यवस्थ असेल तर हे वकिलाला स्पष्ट सांगा, कितीही अवघड वाटलं तरी. आई-वडिलांना दरमहा पाठवत असलेली रक्कमही लपवू नका. बाहेर राहणाऱ्या आप्तांच्या मदतीसाठी खर्चाच्या फॉर्ममध्ये वेगळी ओळ आहे. आकडा ट्रस्टीला पटेलच असं नाही, पण लिहिण्यात गैर काही नाही.

ती मीटिंग

सगळ्यांना धडकी भरते ती ट्रस्टीसमोर होणाऱ्या ‘३४१ मीटिंग’ची. अर्जानंतर साधारण महिनाभराने ती असते आणि न्यायाधीश तिथे नसतात. आता बहुधा झूमवरच होते. ट्रस्टी ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी नंबर पाहतो, शपथ देतो आणि विचारतो: अर्ज तुम्ही वाचून सही केलात का? सगळी मालमत्ता लिहिली आहे का? कुणाला पैसे किंवा वस्तू दिल्यात का? तुम्हाला कुणाकडून येणं आहे का? साध्या प्रकरणात दहा मिनिटांत सुटका होते. देणेकऱ्यांना यायचा हक्क असतो, पण कार्ड कंपन्या क्वचितच येतात. कागद खरे असतील तर घाबरण्यासारखं काही उरत नाही.

नंतरचे दिवस

सातची नोंद क्रेडिट रिपोर्टवर अर्जापासून दहा वर्षं राहते, तेराची सहसा सात. पण त्या सगळ्या काळात दारं बंद नसतात. सरकारी विम्याच्या एफएचए गृहकर्जासाठी सातच्या डिस्चार्जनंतर साधारण दोन वर्षं, तर गृहकर्जं विकत घेणाऱ्या ‘फॅनी मे’ या संस्थेच्या नियमांनी चालणाऱ्या कर्जासाठी चार वर्षं थांबावं लागतं. केवळ दिवाळखोरीमुळे चालू नोकरीवरून काढता येत नाही. नवीन नोकरी देताना मात्र खासगी कंपनी मागेपुढे पाहू शकते, हे बँकिंग किंवा वित्त क्षेत्रातल्यांनी लक्षात घ्यावं. डिस्चार्जनंतर लगेच गाड्यांच्या आणि कार्डांच्या ऑफर येऊ लागतात, कारण पहिल्या अर्जापासून आठ वर्षांच्या आत पुन्हा अर्ज केलात तर सातमध्ये डिस्चार्ज मिळणार नाही हे त्यांना माहीत असतं. अनामत ठेवून मिळणारं एकच कार्ड घ्या, त्यावर एखादं बिल लावा आणि दरमहा पूर्ण फेडा.

नवरा-बायकोपैकी एकालाच अर्ज करता येतो, पण दोघांच्या नावावरचं कर्ज दुसऱ्याच्या डोक्यावर राहतं. म्हणून जोडीदाराला आधी सांगा. कोर्टाची नोंद सार्वजनिक असते, कुणी मुद्दाम शोधली तर सापडते. मंडळातली माणसं सहसा शोधत बसत नाहीत. आई-वडिलांना सांगायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र दाराआड कुढत राहू नका. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ९८८ या संकटकाळच्या हेल्पलाइनवर फोन किंवा मेसेज करा, तो दिवसरात्र चालू असतो.

डिस्चार्जच्या आदेशाची प्रत कायमची जपून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही संस्थांचे रिपोर्ट मागवा आणि सुटलेल्या प्रत्येक खात्यावर बाकी शून्य दिसते का ते पाहा. जुनी कर्जं विकली जातात, आणि वर्षभराने एखादी नवीनच एजन्सी पैसे मागू शकते. तिला काहीही भरू नका, प्रत पाठवा. तरीही फोन आले तर तो कोर्टाच्या आदेशाचा भंग आहे. तारखा टिपून वकिलाला कळवा.