लिम्पोपो, नामिबिया की झांबेझीचं खोरं? पहिल्या आफ्रिकन शिकारीआधी

मी जोहान्सबर्गला राहतो, त्यामुळे दर जानेवारीत ह्यूस्टन-डॅलसकडच्या कुणातरी मराठी मित्राचा फोन ठरलेला. टेक्सासात चार मोसम हरणं मारून हात बसलेला असतो, रायफल घरात असते आणि 'एकदा आफ्रिका करून टाकू' हे डोक्यात घोळत असतं. "कुठे येऊ?" असं विचारतो, आणि मी तोंड उघडायच्या आत तीन दरपत्रकं पाठवून मोकळा होतो. तिन्हींवर तेच कुडू या मोठ्या आफ्रिकन हरणाचं पिळदार शिंग, तीच शेकोटी, तोच लाल सूर्य. फरक दिसतो तो फक्त आकड्यांत.

हा आढावा त्या मित्रांसाठी. शिकार करावी की करू नये, या वादात इथे पडत नाही. ज्याला नको वाटते त्याच्यासाठी क्रूगर नॅशनल पार्क आहे, स्वतःची गाडी काढून फिरता येतं, मीही दरवर्षी जातो. पण ज्याचं जायचं पक्कं आहे त्याने देश निवडायच्या आधी स्वतःलाच विचारावं: पैसे भरून, सात दिवस उन्हात पाय तुडवून, रिकाम्या हाताने परतायची माझी तयारी आहे का? कारण या तीन ठिकाणांत खरा फरक आहे तो कुंपणाचा.

लिम्पोपो: खात्रीचा सौदा

लिम्पोपो हा दक्षिण आफ्रिकेचा उत्तरेकडचा प्रांत. या देशात 1991 साली एक कायदा झाला. जमिनीला पक्कं कुंपण असल्याचा दाखला मिळाला, की आतलं रानटी जनावर जमीनमालकाच्या मालकीचं, अगदी पळून शेजाऱ्याकडे गेलं तरी. गुरं पाळणाऱ्यांनी मग गुरं विकली आणि कुडू, इम्पाला, न्याला अशी हरणं पाळायला घेतली. आज लिम्पोपोत हमरस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना मैलोनमैल दिसते ती आठ फुटी जाळी त्यातूनच आली.

जनावर मालकीचं झालं की त्याचा बाजारही भरतो. 2016 मध्ये होरायझन नावाच्या एका रानरेड्याचा पाव हिस्सा विकला गेला, त्या हिशोबाने आख्ख्या रेड्याची किंमत 17 कोटी 60 लाख रँड ठरली. राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांच्या फाला फाला फार्मवरच्या सोफ्यातून 2020 मध्ये चोरीला गेलेले डॉलरही रानरेडे विकूनच आले होते, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे पुढाऱ्याचा साखर कारखाना असतो, इथे रेड्यांचा फार्म.

शिकाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. जनावर आत आहे, बाहेर जाऊ शकत नाही, आणि मालकाला ते विकायचंच आहे. सात दिवसांत पाच जनावरं ठरवून आलात तर पाचही मिळण्याची शक्यता दांडगी. सगळीच मजा फिकी असते असंही नाही. आठ-दहा हजार हेक्टरांच्या फार्मवर काटेरी झुडपांत कुडू असा विरघळतो की जाळी आहे हेच विसरायला होतं. पण हजारभर हेक्टरांच्या फार्मवर तिसऱ्या दिवशी प्रत्येक पाणवठा तोंडपाठ झालेला असतो.

माझी पहिली शिकार अशाच एका छोट्या फार्मवरची. नाव सांगत नाही. पहिल्याच सकाळी नऊच्या सुमारास पीएचने, म्हणजे परवानाधारक व्यावसायिक शिकाऱ्याने, रायफल टेकवायच्या तिपाई काठ्या उभ्या केल्या आणि हळूच म्हणाला, "सेबल. म्हातारा नर. जरा जास्त पैसे पडतील, पण बघ." मी दुर्बीण लावली. काळाभोर अंगाचा, तलवारीसारख्या वळलेल्या शिंगांचा नर शांतपणे उभा होता. पळण्याची घाई नाही. मग त्याने मान वळवली आणि डाव्या कानाच्या पाळीतून पलीकडचं आकाश दिसलं. शर्टाच्या बटणाएवढं गोल भोक. लिलावात लावलेला बिल्ला काढून टाकलेला. मी रायफल खाली घेतली. त्या दिवशी एक इम्पाला मारला आणि रात्रभर 'आपण नक्की कशाचे पैसे देतोय' हा विचार करत पडलो.

म्हणून लिम्पोपोला जाणाऱ्याने तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: एका कुंपणाच्या आत सलग किती हेक्टर आहेत, ठरवलेलं जनावर तिथेच जन्मलंय की विकत आणून सोडलंय, आणि सोडलं असेल तर कधी. चांगला माणूस चिडत नाही. आणि दरपत्रकात 15 टक्के व्हॅट धरलाय का, तेही बघून घ्या, शेवटच्या दिवशी तो पाहुण्यासारखा उगवतो.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही स्वस्तात दिली तरी नको: पाळलेला सिंह. पिल्लापासून हाताने वाढवायचा आणि मोठा झाला की कुंपणात सोडून पाहुण्याला दाखवायचा. सरकारने नेमलेल्या समितीने 2021 मध्ये हा धंदा बंद करा म्हणून शिफारस केली. त्याच्या तीन वर्षं आधी अमेरिकेतल्या मोठ्या शिकारी संघटनांनीही यातून अंग काढून घेतलं होतं. शिकाऱ्यांनाच ज्याची लाज वाटते, त्यावर आणखी काय लिहायचं.

नामिबिया: चालायची तयारी हवी

विंडहुकच्या उत्तरेला ओत्जिवारोंगोच्या आसपासचा मुलूख हा गुरांचा. मूळ कुंपण गुरांसाठीचं, छातीएवढं. कुडू ते फारसं न धावता वरून ओलांडतो, गेम्सबोक हे लांब शिंगांचं हरण गुडघे टेकून खालून सरकतं. आज या फार्मवर, उद्या त्या. इथेही उंच जाळीचे फार्म वाढलेत, त्यामुळे 'नामिबिया म्हणजे मोकळं रान' असं डोळे मिटून धरू नका, इथेही विचारावंच लागतं. पण मोकळं रान हवं असेल तर ते इथे अजून परवडणाऱ्या पैशांत मिळतं.

दुसरी तऱ्हा वायव्येकडच्या आणि ईशान्येकडच्या सामुदायिक कॉन्झर्वन्सींची, म्हणजे गावांनी मिळून सांभाळलेल्या रानांची. 1996 च्या कायद्याने गावांनाच आपल्या हद्दीतल्या वन्यजीवांवर हक्क मिळाला, 1998 मध्ये पहिल्या चार कॉन्झर्वन्सींची नोंद झाली, आता त्या 86 आहेत. शिकारीची फी गावाच्या खात्यात जाते, त्यातून राखणदारांचे पगार निघतात, मांस वाटलं जातं. सोयी कमी, अंतरं प्रचंड. पहिल्या खेपेला मी खाजगी फार्मच सुचवतो, कॉन्झर्वन्सी दुसऱ्या खेपेला.

कुनोत 2022 च्या सप्टेंबरमध्ये आलेले पहिले आठ चित्ते नामिबियाचे होते हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच मुलखात शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं चित्ते उपद्रवी म्हणून मारले, हे तिथे गेल्यावर कळतं. चित्ता वासरू नेतो. आपल्याकडे रानडुकराने आणि रोह्याने उभं पीक आडवं केलेला शेतकरी ज्या सुरात बोलतो, तोच सूर मी तिथल्या जेवणाच्या टेबलावर ऐकला.

शिकार पायी. पहाटे बक्कीतून, म्हणजे मागे उघड्या गाडीतून, एखाद्या टेकडीपाशी उतरायचं, वर चढून दुर्बिणीने तासभर रान चाळायचं, मग वारा तोंडावर घेत उतरायचं. माग काढणारा ट्रॅकर पुढे, पीएच मागे, तिसरे तुम्ही. मला चार दिवस कुडूने नुसती पाठ दाखवली. पाचव्या दिवशी गेम्सबोकचा माग लागला. अडीच तास चाललो. ट्रॅकर वाळूतल्या खुराच्या कडेला बोट लावून बघायचा: कड ढासळली असेल तर जुना, धारदार असेल तर ताजा. शेवटी साधारण दीडशे मीटरवर तो आडवा उभा राहिला आणि पीएच कानाशी पुटपुटला, "खाली. अजून खाली."

हे टेक्सासवाल्यांनी विशेष लक्षात घ्यावं. तिकडे हरणाच्या खांद्याच्या मागे नेम धरायची सवय असते. इथल्या जनावरांचं काळीज पुढे आणि खाली, दोन्ही पायांच्या मध्ये असतं. पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या एक तृतीयांश भागात नेम धरायचा. सवयीने मागे मारलीत तर जनावर जखमी होऊन दिवसभर पळवतं, आणि नियम तिन्ही देशांत तोच: रक्त सांडलं की बिल फाडलं, जनावर सापडो न सापडो. आणि गेम्सबोक पडला म्हणून धावत जाऊ नका. भाल्यासारखी शिंगं असतात आणि मान वळवायला त्याला क्षण लागत नाही. गंमत म्हणजे मादीची शिंगं नरापेक्षा लांब असतात, त्यामुळे इंच मोजणारे लोक तिच्याच मागे लागतात.

मोसम 1 फेब्रुवारी ते 30 नोव्हेंबर. जून-जुलैत पहाटे बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरतो, स्वेटर न्या. पण त्या थंडीत मध्य नामिबियात मलेरियाची फिकीर कमीच. लिम्पोपोच्या उत्तरेला ती असते. बंदुकीचा कागद विंडहुकच्या विमानतळावर फारशी कटकट न होता होतो. जोहान्सबर्गला पोलिसांचा 520 नंबरचा फॉर्म असतो, काळ्या शाईने भरायचा, सही मात्र त्यांच्यासमोरच करायची, आणि दोन विमानं एकदम उतरली की रांग विठ्ठलाच्या दर्शनासारखी. जोहान्सबर्गला मुक्काम करून पुढे विंडहुकला जाणार असाल तर हाही फॉर्म भरावा लागतो. माझा सल्ला: पहिल्या वेळी रायफल आणूच नका, तिथली भाड्याने घ्या. भारतातून येणाऱ्याने तर बंदूक आणायच्या भानगडीत मुळीच पडू नये, आणि शिंगं घरी न्यायचा बेतही करू नये. फोटो काढा आणि या.

बायको बरोबर येणार असेल तर नामिबियाचं पारडं आणखी जड. न मारणाऱ्याचा दर कमी असतो, इटोशा नॅशनल पार्क ओत्जिवारोंगोहून दोन-अडीच तासांवर आहे, आणि जर्मन घराण्यांच्या फार्मवर चार वाजता कॉफीबरोबर केक येतोच येतो. हिने शिकारीकडे ढुंकून पाहिलं नाही, केक मात्र चुकवला नाही.

झिम्बाब्वे: रानरेड्यासाठी, पण पहिल्यांदा नको

झांबेझीच्या खोऱ्यात जायचं ते रानरेड्यासाठी. चेवोरेसारख्या सरकारी शिकारक्षेत्रांना जाळी नाही, हत्ती-सिंह मोकळे, रात्री तंबूच्या बाहेर कोण खोकलं हे सकाळी पावलांवरून कळतं. माना पूल्स नॅशनल पार्कबरोबर हेच चेवोरे 1984 पासून जागतिक वारसास्थळात आहे, हे ऐकून बरेच जण दचकतात. इथला पीएच परवाना आफ्रिकेत सर्वांत कठीण समजला जातो: वर्षानुवर्षं उमेदवारी, लेखी परीक्षा, मग रानात प्रत्यक्ष कसोटी. रेडा उलटला की तुमच्या आणि त्याच्या मध्ये हाच माणूस असतो, त्यामुळे ही कसोटी कडक असलेलीच बरी.

चिखलाने माखलेले, कळपातून बाहेर पडलेले म्हातारे नर, ज्यांना 'डग्गा बॉय' म्हणतात, त्यांचा माग दहा दहा दिवस काढतात. साधारणपणे .375 इंच गोळीची किंवा त्याहून मोठी रायफल वापरतात आणि तिचा धक्का खांद्याला आठवडाभर आठवतो. मलेरियाच्या गोळ्या हव्यातच, आणि त्सेत्से माशी जीन्समधूनही चावते. मी इथे बंदूक न घेता मित्राबरोबर गेलो होतो. सहाव्या दिवशी दाट झुडपात वीस पावलांवर रेड्याने फुत्कार टाकला. दिसला मात्र नाही. तेवढ्याने माझं भागलं.

2015 च्या जुलैमध्ये ह्वांगे नॅशनल पार्कजवळ मारलेल्या सेसिल सिंहाचं प्रकरण सर्वांना आठवत असेल. त्याच्या गळ्यात अभ्यासकांचा पट्टा होता. त्यामुळे क्षेत्र कुणाचं, कोटा कुणाचा, परवाना कुणाच्या नावाचा हे कागद झिम्बाब्वेत स्वतः बघा. 'सगळं झालंय' या शब्दावर जाऊ नका.

बोट्स्वाना? 2014 मध्ये बंदी आली, 2019 मध्ये उठली. तिथे मुख्यतः हत्ती आणि त्याला साजेसे दर. आपला विषय नाही.

पैसे

माझ्याकडे आलेल्या दरपत्रकांवरून ढोबळ अंदाज, विमान सोडून: लिम्पोपोत सात दिवस आणि चार-पाच जनावरं चार ते सहा हजार डॉलरांत बसतात. नामिबियात पाच ते सात हजार. झांबेझीत एका रेड्याचे पंधरा हजारांच्या खाली कुणी बोलत नाही, वीसच्या वर सहज जातं. यात दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. एक, ट्रॅकर आणि कातडी काढणारा स्किनर यांची बक्षिसी, ती वेगळी आणि हातात द्यायची. दुसरी, शिंगं-कातडी स्वच्छ करून जहाजाने घरी पोचवायचा खर्च, जो कधी कधी त्या जनावराच्या फीपेक्षा मोठा निघतो. वर वाट बघायची ती कित्येक महिने.

मांस नेता येत नाही, ते फार्मचं किंवा गावाचं. तिथे मात्र पोटभर खा. बिल्टाँग म्हणजे मांसाची सुकटच, धणे आणि व्हिनेगर लावून वाळवलेली. ती बॅगेत लपवून ह्यूस्टनला उतरू नका, विमानतळावर काढून घेतात.

माझं मत विचाराल तर: सुट्टी पाचच दिवसांची असेल, किंवा बरोबर वयस्क वडील असतील, तर मोठ्या हेक्टरांचा लिम्पोपो. गुडघे शाबूत असतील तर नामिबिया. झांबेझी या दोन्हींनंतर, आणि तेही रेड्याचं वेड लागलं तरच.

बुकिंगआधी शेवटचा एक प्रश्न प्रत्येकाला विचारा: "गेल्या वर्षी तुमच्याकडून किती जण हवं ते न मिळता गेले?" लिम्पोपोतल्या एकाने मला छातीठोकपणे सांगितलं, "एकही नाही." ओत्जिवारोंगोचा सत्तरीतला फार्मर मात्र जरा थांबला, बोटं मोजली आणि म्हणाला, "कुडूसाठी अकरा आले. चौघांना नाही मिळाला." मी तिथेच पैसे भरले. त्या मोसमात त्याच्या यादीत मीही जमा झालो.