मिरजेचा तंबोरा: साडेचोवीस हजार रुपये आणि पंधरा महिन्यांची भिशी

मे महिन्यात मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून मी जनानी तंबोरा, म्हणजे बायकांच्या आवाजाच्या पट्टीचा, आणला. रोज पहाटे तास-सव्वा तास तो वाजतो आहे, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्याने पाहिले, एकदा जवारीही, म्हणजे झणकार खुलवण्यासाठी घोडी घासून घेणंही, करून झाली. आता त्याच्याबद्दल आणि ज्यांच्याकडून घेतला त्या दुकानाबद्दल लिहायला हरकत नाही. दुकानाचं नाव मात्र लिहीत नाही. तसं दुकानाच्या मालकांनीच, चाचांनी, सांगितलं आहे. हातातली कामंच वेळेत होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

आधी घरची परिस्थिती सांगते, कारण त्याशिवाय किमतीचा अर्थ लागायचा नाही. मी सांगोल्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, पगार एकोणीस हजार. ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात विहिरींवरच्या मोटारी जळतात तेव्हा रात्री दहापर्यंत काम असतं, आणि चांगला पाऊस लागला की दोन-दोन महिने गल्ला रिकामा. मुलगी तेव्हा बारावीला होती. अशा घरात मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी गाणं शिकायला लागले.

सुरुवातीला खर्चाचा काही हिशोबच ठेवला नाही. क्लासची फी, परीक्षेचा फॉर्म, वह्या, पंढरपूरला बैठक ऐकायला जाणं, सगळं किरकोळ वाटायचं. मग एक हार्मोनियम हप्त्यावर घेतली. किंमत पंधरा हजार. नऊ महिने 1,850 चा हप्ता, म्हणजे 16,650 गेले. चार महिन्यांत तिचे दोन सूर उतरले. दुरुस्तीला कोणी येईना. शेवटी नऊ हजारांना विकली. ज्या महिन्यात शेवटचा हप्ता गेला त्याच महिन्यात मुलीच्या सीईटी क्लासचा दुसरा हप्ता आला, बारा हजार, आणि माझ्या दोन बांगड्या बँकेत ठेवाव्या लागल्या. हे एक शब्द बोलले नाहीत. मुलगीही बोलली नाही. पण त्या आठवड्यात मला रियाजाला बसवेना. षड्ज लावला की बांगड्याच आठवायच्या.

बांगड्या सुटल्या तेव्हा आम्ही दोघं वही घेऊन बसलो. मी म्हटलं, गाणं बंद करते. ह्यांनी उलट विचारलं, "महिन्याला किती लागतात ते आधी सांग." तोपर्यंत ते मलाच माहीत नव्हतं. बेरीज केली तेव्हा क्लासचे आठशे सोडून बाकी खर्च दरमहा वेगळा निघाला, कधी तीनशे, कधी अडीच हजार. मग ठरलं: घरखर्चाच्या वहीत 'गाणं' असं वेगळं पान आणि त्यात महिन्याला अडीच हजार, कमी नाही आणि जास्तही नाही. आठशे क्लासचे. दीड हजार भिशीचे. उरलेले दोनशे एका पत्र्याच्या डब्यात.

भिशी आमच्या गल्लीतली, पंधरा बायकांची, म्हणजे उचल साडेबावीस हजार. एप्रिलला सुरू झाली. माझी चिठ्ठी अकराव्या महिन्यात, फेब्रुवारीत निघाली. भिशीबद्दल एक सांगायला हवं. आपला नंबर आधी लागला की बायका म्हणतात, पैसे मिळाले. खरं तर ते शेजारणींनी दिलेलं बिनव्याजी कर्ज असतं. तंबोरा घरी आल्यावरही जूनपर्यंत माझे हप्ते चालू होते. 'गाणं' या पानावर ते आधीच धरलेले होते, म्हणून जड गेले नाहीत. उचल घेऊन मागचे हप्ते विसरणारीला मात्र भिशीसुद्धा हार्मोनियमसारखीच पडते.

आता दुकान.

मिरजेला जायला आम्हाला सोपं. सांगोला, जत रोड, कवठेमहांकाळ, मिरज, एकच गाडी. जानेवारीत डब्यातले दोन हजार घेऊन मी आणि आमच्या गाण्याच्या बाई गेलो. ही गल्ली म्हणजे समोरासमोरची छोटी दुकानं, आत ओळीने टांगलेले भोपळे, खाली लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास. वाद्यं करणारी इथली घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी, आणि एकोणिसाव्या शतकात ती तंतुवाद्यांकडे वळली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. याच गावात उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले. 1937 साली ते गेले, पण मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ अजूनही गाणं होतं. आमच्या बाई गल्लीत शिरताना चप्पल काढू की काय अशा चेहऱ्याने चालत होत्या.

चाचांनी पहिला प्रश्न विचारला तो पट्टीचा, म्हणजे माझा सा कुठला याचा. काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, असं बाईंनी सांगितलं. दुसरा प्रश्न, किती वर्षं गाता. तीन, मी म्हटलं. तिसरा, रोज किती वेळ. मी खरं ते सांगितलं, पाऊण तास, कधी अर्धा. पैशांचा विषय त्यांनी तोवर काढलाच नव्हता. मग त्यांनी दोन तंबोरे काढून ठेवले. एकावर भरगच्च नक्षी, भोपळ्यावर पानं कोरलेली, दांडीवर पांढरी वेलबुट्टी, किंमत अडतीस हजार. दुसरा साधा, कडेला फक्त एक बारीक पट्टी, साडेचोवीस. माझे डोळे पहिल्यावर होते, हे त्यांना दिसलं असणार. त्यांनी दोन्ही जुळवले, माझ्याकडे पाठ करायला सांगितली आणि आळीपाळीने छेडले. "ताई, कोणता कोणता ते ओळखा." मला ओळखता आलं नाही. बाईंनी एक निवडला. तो साधा निघाला. "वरचे साडेतेरा हजार कोरणाऱ्याच्या हाताचे," चाचा म्हणाले. "त्याचा हात मोलाचा आहे, पण तो ऐकू येत नाही." मोठं गिऱ्हाईक सोडणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला.

दाखवलेला तंबोरा दुसऱ्या कुणाच्या नावाचा होता. माझा नवीन करायचा ठरला. दोन हजार विसार दिला आणि पावती मागितली. पावतीची तिथे सवय नाही. पण चाचांनी न रागावता वहीच्या पानावर पट्टी, लाकूड, किंमत, तारीख लिहून सही करून दिली. तुम्हीही मागा. भोपळा कुठला, असं सहज विचारलं तर म्हणाले, मंगळवेढ्याकडचा. भीमेच्या काठचे भोपळे जाड सालीचे आणि मोठे होतात, म्हणून वाद्यांसाठी तिकडून येतात. मंगळवेढा म्हणजे आमच्या शेजारचा तालुका. आमच्या भागातला भोपळा मिरजेला जाऊन तंबोरा होऊन परत येणार, याचा मला फार आनंद झाला. दांडी तुणीच्या लाकडाची.

तक्रारी दोन आहेत. गुढीपाडव्याचा वायदा होता, तंबोरा मिळाला पाच आठवडे उशिरा. भोपळा पुरता वाळला नव्हता, असं कारण सांगितलं आणि ते पटण्यासारखं आहे, कारण ओला भोपळा पुढे आकसतो आणि सांधे सुटतात. पण हे फोन करून सांगायला हवं होतं. मी एकदा रजा टाकून रिकाम्या हाताने परत आले, तो दिवस बिनपगारी गेला. दुसरी तक्रार, तारांचा एक जादा संच सोबत द्यायला हवा. आमच्या गावात तार मिळत नाही. जोडाची, म्हणजे मधल्या सारख्या दोन तारांपैकी, एक तार जूनमध्ये तुटली आणि पोस्टाने येईपर्यंत आठ दिवस तंबोरा मुका होता.

गवसणी, म्हणजे तंबोऱ्याची खोळ, वेगळी घ्यावी लागते, नऊशे रुपये, जाड अस्तराची. हे नऊशे मी आधी धरले नव्हते. त्या महिन्याच्या घरखर्चातून घेतले आणि वहीत तसंच लिहिलं.

माझ्याकडे आधीपासून इलेक्ट्रॉनिक तंबोरा होता, साडेपाच हजारांचा, आणि मोबाईलवर तर फुकटही मिळतो. मग एवढे पैसे कशाला, असं भिशीतल्या दोघींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. पहिली तीन वर्षं मी या इलेक्ट्रॉनिक डबीवरच शिकले आणि नवीन शिकणाऱ्याला मी आजही तीच घ्यायला सांगेन. पट्टी चुकत नाही, प्रवासात नेता येते, रागाप्रमाणे पंचमाच्या जागी मध्यम किंवा निषाद लावायला एक बटण पुरतं. फरक मला कळला तो मे महिन्यातल्या एका पहाटे. मालकंस राग सोडून भूप घेतला होता, म्हणून पहिली तार मध्यमावरून पंचमावर आणली, मग जोडाच्या दोन तारा, मग खरज, म्हणजे खालच्या सा ची तार. तारांतले मणके अगदी केसभर सरकवत गेले आणि एका क्षणी चारही तारा एकमेकींत विरघळल्या. खरजातून गंधार वर आला. तो कोणत्याही तारेवर लावलेला नसतो. गुरू त्याला स्वयंभू गंधार म्हणतात आणि मी तो फक्त ऐकून होते. भूपाचा गंधार मी तीन वर्षं शोधत होते, तो असा समोर आला. मी गायलेच नाही, वीस मिनिटं नुसती ऐकत बसले.

डबी आपल्याला सूर देते. तंबोरा आधी आपल्याकडून सूर मागतो: रोज लावावा लागतो आणि लावता लावता कान तयार होतो. सुरुवातीला जुळवायला मला चाळीस मिनिटं लागत. आता दहा-बारा लागतात. रियाज पाऊण तासाचा सव्वा तास झाला तो यामुळेच.

देखभालीचं नीट सांगते, कारण विकत घेताना याचा हिशोब कोणी करत नाही. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा. पहिल्याच पंधरवड्यात खुंट्या आकसून सैल पडल्या आणि लावलेली तार उतरायला लागली. फोन केला तर चाचा म्हणाले, खुंटी काढून खडूची पूड लावा. लावली, थांबली. फुकट काम. पावसाळ्यात उलट, त्याच खुंट्या फुगून हलेनात. तेव्हा जोर करायचा नाही. जवारीचं काम मात्र घरी होत नाही. तार घोडीच्या, म्हणजे ज्यावर ती टेकते त्या पट्टीच्या, रुंद माथ्यावर घासत राहते, तिथे बारीक चर पडतो आणि आवाज बंद व्हायला लागतो, झणकार जातो. मग सुताचा दोरा कितीही सरकवला तरी खुलत नाही. नोव्हेंबरमध्ये तंबोरा घेऊन मिरजेला गेले. चाचांच्या मुलाने कानशीने घोडी दोन-चार वेळा घासायची, तार चढवायची, कान लावून ऐकायचं, पुन्हा उतरवायची, असं दीड तास केलं. माप नाही, यंत्र नाही. जवारीचे सातशे, तारांचे दोन संच तीनशे, गाडी आणि चहा-नाश्ता एकशे ऐंशी. डब्यात फेब्रुवारीपासूनचे दोन हजार होते, त्यातून 1,180 गेले. 820 उरले, त्यातून परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे. वर्षातून एकदा हा खर्च येणार, म्हणून दोनशेचा डबा मी भिशी संपल्यावरही बंद केला नाही. भिशीचे दीड हजार मात्र जुलैपासून मुलीच्या वसतिगृहाकडे वळवले. ती फार्मसीला आहे. तंबोऱ्याखाली ठेवायला एक चांगली गादी हवी आहे. ती पुढच्या दिवाळीनंतर.

रोज बसणाऱ्याने घ्यावा, या दुकानातून किंवा त्या गल्लीतल्या कुठल्याही जाणत्या कारागिराकडून. आठवड्यातून एकदा बसणाऱ्याने साडेचोवीस हजार घालवू नयेत. न वाजणारा तंबोरा कोपऱ्यात बिघडत जातो.

जायचं असेल तर आपली पट्टी आधी गुरूंकडून पक्की करून घ्या आणि शक्य असेल तर त्यांनाच सोबत न्या. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकान बंद असतं. पैसे एकदम नेऊ नका, विसारापुरते न्या, म्हणजे नक्षीवाल्याचा मोह झाला तरी घरी येऊन विचार करायला वेळ मिळतो. आणि आणायला जाताना एक जुनी गोधडी न्या. गवसणी असली तरी भोपळ्याला गाडीतला एक धक्का पुरतो. मी खिडकीची जागा धरली, गोधडीत गुंडाळलेला भोपळा मांडीवर घेतला, दांडी खांद्याला टेकवली. कवठेमहांकाळला एका आजींनी विचारलं, "काय गं, बाळ आजारी हाय का?" मी गवसणीचं तोंड थोडं उघडून त्यांना खुंट्या दाखवल्या. त्यांनी हात जोडले आणि सरकून मला आणखी जागा दिली.