उद्योजकता शिकावी कुठे : अभ्यासक्रमात की चालत्या व्यवसायात?

स्वतःचा व्यवसाय सुरू करण्यापूर्वी उद्योजकतेचा अभ्यासक्रम करावा की एखाद्या लहान, चालत्या व्यवसायात काही काळ नोकरी करावी, असा पेच अनेकांपुढे असतो. खर्चाचा हिशेब सोपा आहे : बहुतेक अभ्यासक्रमांना शुल्क पडते, नोकरीत थोडा का होईना, पगार मिळतो.

खरा फरक शिकण्याच्या स्वरूपात आहे. ताळेबंद वाचणे, किंमत ठरवणे, खर्च भरून निघण्यासाठी किती विक्री लागेल हे काढणे, या गोष्टी वर्गात पद्धतशीर समजतात; कामाच्या धबडग्यात त्या सहसा कोणी बसवून शिकवत नाही. याउलट, कागदावर नफा दिसत असूनही उधारी वसूल न झाल्यामुळे पगाराच्या दिवशी खात्यात पैसे का नसतात, हे चालत्या व्यवसायातच नीट उमगते. अर्थात, तेथे एकाच मालकाच्या सवयी, चुकीच्यासुद्धा, अंगवळणी पडण्याचा धोका असतोच. प्रमाणपत्राचे म्हणाल, तर ग्राहक ते सहसा विचारत नाही.

ज्यांचे क्षेत्र ठरले आहे, परंतु त्यातील पुरवठादार आणि ग्राहक यांची ओळख नाही, त्यांनी नोकरी धरावी. ज्यांच्या हाती कसब आहे, परंतु हिशेब कच्चा आहे, त्यांना अल्प मुदतीचा अभ्यासक्रम अधिक उपयोगी पडेल.