लिबरऑफिस रायटर: मराठी मजकूर तपासायला कितपत कामाचं?

लिबरऑफिस रायटर हे मजकूर लिहायचं, तपासायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, युनिकोड मराठी नीट हाताळतं आणि छापायला जाण्याआधीचा शेवटचा हात फिरवायला पुरेसं आहे. फक्त त्यातलं कोणतं साधन कशाला वापरायचं, हे माहीत हवं.

आधी ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'समोर (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) मराठी निवडा. तिथे हिंदी राहिली, तर चांगल्या मराठी शब्दांखाली लाल रेघा उमटतात. मराठी शब्दकोश नसेल, तर तो एक्स्टेन्शन, म्हणजे वेगळी जोडणी म्हणून टाकावा लागतो.

तरीही एफ-७ कळीने होणाऱ्या शुद्धलेखन तपासणीवर विसंबू नका. शब्द कोशात आहे की नाही, एवढंच ती बघते. 'आर्शिवाद' पकडेल, 'पर्यावरण दीन' सोडून देईल, कारण गरीब या अर्थाचा 'दीन' शब्द भाषेत आहेच. उलट 'कर्मचाऱ्यांपैकीसुद्धा' असा प्रत्ययांची माळ लागलेला शब्द बरोबर असूनही त्याखाली रेघ येऊ शकते. अशा खोट्या रेघांना नजर सरावली की खरी चूक निसटते. घाईत 'अ‍ॅड टू डिक्शनरी' दाबलं, तर चूक पुढे कायम शुद्धच ठरते!

खरं कामाचं आहे ते कंट्रोल-एच, म्हणजे 'शोधा आणि बदला'. शोधायच्या चौकटीत आधी एक स्पेस, मग 'कडून', 'साठी', 'मुळे', 'पासून' असं एकेक टाका आणि 'फाइंड ऑल' दाबा. 'शासना कडून', 'मुलां साठी' ही तुटलेली रूपं लगेच हाती लागतात. 'रिप्लेस ऑल' मात्र नकोच. 'झाडाची मुळे'चं 'झाडाचीमुळे' होईल.

मथळ्यासाठी अक्षरमोजणी फसवी आहे. 'क्षेत्र' दिसायला दोन अक्षरं, मोजणीत सात, कारण काना-मात्रा आणि हलन्तही मोजले जातात. त्यापेक्षा स्तंभाच्या रुंदीची चौकट काढून खऱ्या टायपात मथळा बसवून बघा.

मथळ्यात जीव आहे का, हे मात्र कोणतंच साधन सांगत नाही. 'पाणीपुरवठ्यासंदर्भात बैठकीत महत्त्वपूर्ण निर्णय' या ओळीत व्याकरणाची चूक नाही, पण बातमीही नाही. 'सोमवारपासून दिवसाआड पाणी' यात ती आहे. 'उद्यापासून' लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी वाचणारा फसतो.

मथळा बहुधा सगळ्यात शेवटी, तपासणी उरकल्यावर येतो. म्हणून तो बसवल्यावर त्यातली नावं आणि आकडे कंट्रोल-एफने मजकुराशी जुळवा. आकडा अक्षरी आणि अंकी असा दोन्ही प्रकारे शोधा. मथळ्यात 'तिघे' आणि आत '४ जण' असं राहून जातं.