भातात युरियाच्या गोळ्या: लावणी ते कापणी वापरल्यानंतर

युरिया दाबून बनवलेल्या मोठ्या गोळ्या, त्या फेकायच्या नाहीत, चिखलात पुरायच्या. या गोळ्यांवर समाधानी आहे. पण निम्मं यश गोळी कशी बसवली यातच आहे, म्हणून जास्त त्याबद्दलच लिहितोय.

फेकलेल्या युरियातल्या नत्राचा पाण्यात अमोनियम होतो. बांधीत (भातखाचरात) शेवाळ असलं की भर दुपारी पाण्याचा सामू (pH) 9 च्या पुढे जातो आणि नत्र अमोनिया वायू होऊन उडून जातं. चिखलाच्या अगदी वरच्या थराला हवा मिळते, तिथं काही नत्राचं नायट्रेट बनतं. ते खाली झिरपलं की नायट्रोजन वायू होऊन तेही गेलं. पिकाच्या वाट्याला साधारण 30 ते 40 टक्केच येतं. गोळी 7 ते 10 सेंमी खोल, बिनहवेच्या चिखलात पुरली की अमोनियम मातीला धरून राहतं.

लावणी 20 बाय 20 सेंमीवर, चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध एक गोळी. पहिल्या-दुसऱ्या ओळीच्या मधे टाकली की पुढची तिसऱ्या-चौथ्याच्या मधे. हेक्टरी 62,500 गोळ्या लागतात. 1.8 ग्रॅमच्या गोळीने सुमारे 52 किलो नत्र जातं, 2.7 ग्रॅमच्या गोळीने 78 किलो. लावणीनंतर आठवड्याच्या आत, पाणी 2-3 सेंमी ठेवून टाकावी.

गोळी बोटाने दाबून पुरल्यावर बोट बाहेर काढताना भोक उघडं राहणं ही सगळ्यात मोठी चूक. विरघळलेला युरिया त्याच भोकातून वर पाण्यात येतो, मग फेकून दिला काय नि पुरला काय, सारखंच. प्रत्येक भोक चिखलाने बुजवाच, आणि गोळी टाकलेल्या ओळीत पुन्हा पाय घालू नका. चिखलणी कच्ची असेल तर भोक आपोआप मिटत नाही. ओळी वाकड्या असतील तर काही चूड गर्द आणि काही पिवळट दिसतात.

सुरुवातीला शेत फिकं दिसतं, शेजारचं फेकीव खताचं आधी हिरवं होतं. घाबरून वरून युरिया देऊ नका. मुळं गोळीपर्यंत पोचली की रंग एकसारखा चढतो आणि बराच टिकतो. नंतर जमीन भेगा पडेपर्यंत वाळू देऊ नये. भेगेतून हवा गोळीपर्यंत गेली की तिथंही नायट्रेट बनतं.

उशिरा येणाऱ्या वाणात लोंबी धरण्याच्या सुमारास रंगतक्ता (पानाचा हिरवेपणा ताडून बघायची छटांची पट्टी) लावून बघा. पूर्ण उघडलेलं सगळ्यात वरचं पान, मधला भाग, स्वतःच्या सावलीत. लावणीच्या भातात 10 पैकी 6 पानं चौथ्या छटेपेक्षा फिकी आली तरच युरियाचा हप्ता द्या.

पाऊसकाळात उघड्या पोत्यातल्या गोळ्या ओल धरून चिकटतात. हवाबंद पिशवीत ठेवा. मजुरी जास्त लागते, ते खरं आहे. आणि पाणी न धरणाऱ्या वाळूसर जमिनीत गोळी नकोच: तिथं नत्र मुळांखाली निघून जातं, युरिया तीन हप्त्यांत दिलेला बरा.