मुलांच्या दुधात घालायची पावडर : सहा वर्षं वापरून मग लिहितेय

आधी कोण लिहितंय ते सांगते. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे, बारा वर्षं झाली. घरी दोन लेकरं, थोरला नऊचा, धाकटी सहाची. थोरला तीन वर्षांचा झाला तेव्हापासून आमच्या घरात दुधात घालायची चॉकलेटच्या चवीची पावडर येत होती, तीच, टीव्हीवर लेकरू भिंतीला टेकून उंची मोजतं आणि आई कौतुकानं बघते तसली. कंपनीचं नाव लिहीत नाही, एक तर मी दोन-तीन कंपन्यांचे डबे वापरलेत आणि दुसरं म्हणजे मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही.

चव चांगली आहे, खोटं कशाला बोलू. माझी धाकटी नुसतं दूध तोंडात घेत नव्हती, साय दिसली की गिलास ढकलायची, पावडर घातली की गटागट प्यायची. गार दुधात गठुळ्या होतात, त्यामुळं आधी दोन चमचे कोमट दुधात घोटून घ्यायची आणि मग बाकीचं दूध ओतायचं. पावसाळ्यात झाकण जरा जरी उघडं राहिलं तर आतमध्ये दगड होतो, सुरीनं फोडावा लागतो. डबा मात्र मजबूत, वर्षानुवर्षं टिकतो. आमच्या मांडणीवर असे अकरा डबे ओळीनं लावलेले होते, तूरडाळ, मूग, शेंगदाणे, साखर, सगळं त्यातच, लेबल न काढता, तोंड पुढं करून. या अकरा डब्यांवर पुढं बोलायचंय.

किमतीचं म्हणाल तर अर्ध्या किलोचा डबा आम्हाला २८० रुपयांच्या आसपास पडायचा. डब्यावर लिहिलंय एका वेळी २० ग्रॅम, दिवसातून दोनदा. दोन लेकरांना तसं दिलं तर दिवसाला ८० ग्रॅम, म्हणजे डबा सहा दिवसांत खलास. आपण बाया काय करतो तर पुरवून पुरवून एकेक चमचा घालतो आणि वरून एक चमचा साखर, कारण पावडर कमी पडली की लेकराला गोड लागत नाही.

आता लेबल. सहा वर्षांत मी ते कधी वाचलं नव्हतं, आणि हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतंय, कारण आहाराचं शिकवणं हे माझं कामच आहे. अक्षरं एवढी बारीक की मोबाईलनं फोटो काढून मोठा करून वाचलं. पाकिटावर घटक लिहितात ते वजनाच्या उतरत्या क्रमानं, जे सगळ्यात जास्त ते आधी. माझ्या डब्यावर साखर दुसऱ्या नंबरला, त्याच्यानंतर माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर, मग द्रवरूप ग्लुकोज, मग कोको, मग सोया प्रोटीन आयसोलेट, म्हणजे सोयाबीनमधून वेगळं काढलेलं प्रथिन, आणि शेवटी जीवनसत्त्वांची लांबलचक यादी. १०० ग्रॅममध्ये ३२ ग्रॅम वरून घातलेली साखर, प्रथिनं ७ ग्रॅम. म्हणजे २० ग्रॅमच्या एका वाढीत साखर सहा ग्रॅमच्या वर आणि प्रथिनं दीड ग्रॅमसुद्धा नाहीत. ज्या २०० मिली दुधात ती घालतो त्या दुधातच सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. ताकद दुधाची आणि नाव डब्याचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, पाच टक्क्यांच्या आत असली तर आणखी बरं. सहा वर्षांच्या लेकराला दिवसाला साधारण चौदाशे कॅलरी धरल्या तर पाच टक्के म्हणजे सतरा-अठरा ग्रॅम होतात, आणि त्यातले तेरा या दोन गिलासांतच संपले, अजून बिस्कीट, चहा, दुकानावरची गोळी सगळं बाकीच.

आणि ज्याला आपण इतकी वर्षं हेल्थ ड्रिंक म्हणत आलो त्या शब्दाला कायद्यात जागाच नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाही, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये सरकारनं ऑनलाईन विकणाऱ्यांना सांगितलं की असली पेयं हेल्थ ड्रिंकच्या खान्यातून काढा. आमच्या गावातल्या दुकानात कोण काढणार. तिथं आजपण लोक तसंच मागतात, "लेकराच्या ताकदीचं द्या" म्हणून.

पण मला कंपनीपेक्षा स्वतःबद्दल जास्त प्रश्न पडलाय. मी अंगणवाडीत तक्ता लावून आयांना सांगते की शेंगदाणा खाऊ घाला, मोड आलेली मटकी, अंडं, हिरव्या पालेभाज्या, आणि घरी येऊन मी स्वतःच्या लेकरांना डब्यातलं द्यायची. मनात कुठंतरी असं होतं की ते तक्त्यावरचं गरिबांसाठी, आपलं जरा बरं चाललंय तर आपण डबा आणायचा. हे मला कुणी शिकवलं? कुणीच समोर बसून शिकवलं नाही. पहिला डबा मी आणला त्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं की बाई तू जाहिरातीमुळं आणलास, तर मी भांडले असते, मी म्हणले असते माझं लेकरू आहे, मला कळतं. बी.ए.ला समाजशास्त्राला एक शब्द होता, खोटी जाणीव. मार्क्सचा सोबती एंगल्स, त्यानं १८९३ च्या एका पत्रात म्हणलंय की माणूस विचार आपलाच आहे असं समजून करत असतो पण त्याला खरं ढकलतंय कोण ते त्याला माहीतच नसतं. तेव्हा पाच मार्कांसाठी पाठ केला होता, कळला आत्ता, त्या मांडणीपुढं उभी राहून.

इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात हॉर्लिक्सच्या जाहिरातीतून "रात्रीची उपासमार" नावाचा आजारच तयार केला होता, म्हणजे तुम्ही झोपेत उपाशी राहता म्हणून सकाळी थकता, म्हणून झोपताना हे प्या. आजार आधी विकायचा आणि मग औषध. आमच्या वेळी आजाराचं नाव बदललं, "लेकरू मागं पडेल". डब्यासोबत भिंतीला चिकटवायचा उंचीचा कागद फुकट आला होता, जिराफाचं चित्र असलेला. थोरला रोज शाळेतून आला की त्याला पाठ लावून उभा राहायचा आणि विचारायचा, "मम्मी, वाढलो का?" मी दर महिन्याला चाळीस-पन्नास लेकरांची उंची-वजनं घेते, मला माहीत आहे की उंची रोज दिसत नसते, ती आई-बापावर आणि सगळ्या मिळून खाण्यावर आणि आजारपणावर असते, तरी मी रोज पेन्सिलनं रेघ मारायची आणि दोन महिने रेघ वर गेली नाही की माझ्या पोटात गोळा यायचा. असं लेकरू बघून आई डबा आणणार नाही तर काय करणार.

दुसरी गोष्ट भाकरीची. थोरल्याला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातलं, तिथून सुरुवातीलाच जेवणाच्या डब्याची यादी आली, सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी सँडविच, असं. भाकरी कुठंच नाही. एकदा मी धपाटे दिले तर तसेच परत आले, म्हणाला पोरं विचारतात हे काळं काय आहे. मी त्या दिवसापासून बंद केले. माझ्या सासूबाई, आम्ही आत्याबाई म्हणतो, त्यांनी हे ऐकलं आणि चुलीपुढून म्हणल्या, "बहात्तरच्या दुष्काळात लाल मिलो खाल्ली आमी, रोजगाराच्या कामावर सुकडी खाल्ली, परदेशातून आलेलं जनावराचं धान्य म्हणायचे लोकं त्या मिलोला, तवा लाज वाटली नाही. आता पांढरीशुभ्र शाळू घरात हाय अन् लेकराला लाज वाटायलीय व्हय?" मला उत्तर आलं नाही.

आणि त्याच भाकरीची आता काय गंमत चाललीय बघा, गंमत नाही, रागच येतो. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हापासून शहरातल्या मोठ्या दुकानात ज्वारीची बिस्किटं, ज्वारीचे फ्लेक्स, चकचकीत पाकिटात, मिलेट म्हणून. संभाजीनगरला बहिणीकडं गेले होते, तिथं मी हातात घेऊन पाहिलं तर पहिला घटक मैदा. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये परभणी शक्ती नावाचं ज्वारीचं वाण काढलंय, त्यात लोह आणि जस्त साध्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. पावडरीच्या डब्यावर तेच दोन शब्द मोठ्या अक्षरात असतात, लोह आणि जस्त. आमच्या शिवारात ते वाण कुणी पेरलेलं मी अजून पाहिलं नाही. खरिपाची ज्वारी तर गेलीच, सगळीकडं सोयाबीन. आम्हीपण सोयाबीनच लावतो. २०२४ च्या दिवाळीत हमीभाव ४,८९२ होता आणि आम्हाला मोंढ्यात ओल जास्त म्हणून क्विंटलला ४,१०० मिळाले, म्हणजे किलोला ४१ रुपये. सोयाबीनमध्ये शंभरात चाळीस भाग प्रथिनं असतात. ते ४१ रुपये किलोनं विकून आम्ही त्याच संध्याकाळी त्याच बाजारातून ज्याच्यात चिमूटभर सोया प्रोटीन आहे तो डबा ५६० रुपये किलोच्या हिशेबानं घरी आणला. मालक पिशवी हातात घेऊन टमटममध्ये बसले होते आणि मला आठवतंय, मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, की पैसे आले, लेकरांचं आणलं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. माझ्या अंगणवाडीत एक अडीच वर्षांची पोरगी आहे, आई खुरपणीला जाते, बाप ऊसतोडीला. जूनमध्ये वजन घेतलं तर ९ किलो ६०० भरलं, कार्डावर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे वयाच्या मानानं कमी. गृहभेटीला गेले. घरात दूध नव्हतंच, चहापुरतंपण नव्हतं. ती बाई म्हणाली, "बाई, तुमी येणार म्हणून लेकीला आत्ताच पाजलं बघा," आणि मला कौतुकानं दाखवलं. स्टीलच्या पेल्यात तपकिरी पाणी. दुकानातून पाच रुपयाची पुडी आणली होती आणि साध्या पाण्यात कालवली होती, तळाला गठुळ्या तशाच, पोरगी बोटानं काढून चाटत होती. आमचा टीएचआरचा, म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायला देतो तो पाकिटबंद आहार कोपऱ्यात न फोडता पडलेला. मी विचारलं, हे कुणी सांगितलं गं तुला, डॉक्टरांनी का? तर ती म्हणाली, "नाही बाई, तुमच्या घरी डबे बघितले. म्हणलं बाईंची लेकरं बघा कशी गुटगुटीत हायत, डबा काय आपल्याला झेपत नाही, पुडी तरी आणावी."

हळदी-कुंकवाला आली होती ती माझ्या घरी. बारा वर्षं मी तक्ता वाचून दाखवला तो तिच्या लक्षात राहिला नाही, मांडणीवरचे अकरा डबे राहिले. जाहिरात टीव्हीवर तीस सेकंद असते, माझ्या घरात ती चोवीस तास होती, आणि गावातली जी बाई माझ्याकडं बघून ठरवते तिच्यासाठी मीच ती जाहिरात होते. तीनशे रुपये रोज मिळतो तिला, तोपण रोज नाही.

घरी येऊन मी सगळ्या डब्यांची लेबलं काढली, भिजत घालून, घासून, दोन निघेनात त्यांना कागद चिकटवला. जिराफ काढला, तर खाली भिंतीचा रंग निघाला. लेकरं आठ दिवस रुसली, धाकटीनं दूध सोडलंच. मग दुधात खारकेची पूड आणि थोडा गूळ घालून दिलं, कधी पितीय कधी नाही, नाही प्याली तर दही खाते, त्यानं काही बिघडलेलं दिसत नाही.

ज्यांना घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी माझं मत असं: दूध आणि जेवण पोटभर मिळणाऱ्या लेकराला कधीतरी चवीसाठी चॉकलेटचं दूध म्हणून द्या, काही पाप नाही. ताकद, उंची, बुद्धी म्हणून घेऊ नका, आणि पाण्यात तर अजिबात कालवू नका. जेवणाच्या जागी कधीच नको. पाचपैकी चवीला चार, पोषणाला एक, किमतीला एक.

आणि ज्या आयांना दूध परवडत नाही त्यांनी मला विचारलं तर मी आता हे सांगते. भाजलेल्या ज्वारीचं पीठ, त्याच्यात शेंगदाण्याचा बारीक कूट आणि गूळ, गरम पाण्यात नीट शिजवून पेज करायची, वरून चमचाभर तेल. लहान लेकराला अख्खा शेंगदाणा द्यायचा नाही, घशात अडकतो, कूटच. टीएचआरचं पाकीट पण असंच गूळ-कूट घालून शिजवलं तर लेकरं खातात, मी त्या बाईच्या चुलीवर करून दाखवलं. ती म्हणाली, "हे तर आमची आजी करायची." मी म्हणलं, मग तू का सोडलंस? तर म्हणाली, "आता कोण करतंय बाई हे."

ऑगस्टमध्ये वजन ९ किलो ९०० आलं. अजून पिवळ्यातच आहे, तिसऱ्या आठवड्यात परत वजन घ्यायचंय.