‘डेप्थ’ लावलं, नऊ महिन्यांत काढून टाकलं: जँगो रेस्ट फ्रेमवर्कचा माझा अनुभव

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या अडतीसाठी आम्ही ॲप चालवतो. त्याची एपीआय, म्हणजे ॲप आणि सर्व्हर यांच्यातली देवाणघेवाण, पायथनच्या जँगो रेस्ट फ्रेमवर्कवर आहे. सौद्याला शेतकरी जोडलेला, शेतकऱ्याला गाव. सीरिअलायझर म्हणजे डेटाबेसमधली नोंद जेसनमध्ये, म्हणजे ॲपला पाठवायच्या मजकुरात, बदलणारा कोड. त्याच्या मेटा क्लासमध्ये (सेटिंग्जच्या भागात) ‘डेप्थ = २’ लिहिलं की नुसत्या आयडीऐवजी शेतकऱ्याची माहिती आणि तिच्या पोटात गावाची माहिती आपोआप जेसनमध्ये येते. एका ओळीत काम झालं, म्हणून मी पहिल्याच आठवड्यात ते सगळीकडे लावलं.

अंबिया बहाराची आवक वाढली आणि सौद्यांची यादी उघडायला वेळ लागू लागला. अडतीतच लॅपटॉप उघडून मी गाडीवाल्याच्या लॉगिनला जाणारं उत्तर तपासत होतो. शेजारी बसलेले अडत्ये काका डोकावून म्हणाले, “भाऊ, गाडीवाल्याले शेतकऱ्याचा खाता नंबर कायले पाहिजे?”

ॲपच्या स्क्रीनवर तो नंबर कधीच दिसत नव्हता. उत्तरात मात्र रोज जात होता. डेप्थ आतल्या मॉडेलची (डेटाबेसमधल्या तक्त्याची) सगळी फील्ड्स काढतं, त्यात निवडीला जागाच नाही. मॉडेल जँगोच्या युजरला जोडलेलं असेल तर पासवर्डचा हॅशसुद्धा (सांकेतिक रूप) बाहेर पडतो. ओवास्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या एपीआय सुरक्षा यादीत हाच दोष तिसऱ्या क्रमांकावर आहे. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आपल्या आळसामुळे बाहेर जाते, याचं मला फार वाईट वाटलं.

आधी डेप्थऐवजी शेतकऱ्याचा सीरिअलायझर हाताने लिहून ‘एक्स्क्लूड’ने खाता नंबर वगळला. दोन महिन्यांनी मॉडेलमध्ये पॅनचा कॉलम वाढवला आणि तो न सांगता उत्तरात आला. चाचणीत सापडला म्हणून बरं. तेव्हापासून ‘फील्ड्स’मध्ये नाव लिहिलेलं असेल तेवढंच बाहेर जातं. गाडीवाल्यासाठी शेतकऱ्याचा वेगळा छोटा सीरिअलायझर आहे: नाव, फोन, गाव. गावासाठी आत आणखी ऑब्जेक्ट नको म्हणून ‘सोर्स’मध्ये टिंब देऊन गावाचं नाव सरळ वर आणलं. मुनीमजींच्या लॉगिनला दुसरा सीरिअलायझर, कोणता द्यायचा ते ‘गेट सीरिअलायझर क्लास’ हे फंक्शन ठरवतं. शेतकऱ्याचे असे चार सीरिअलायझर झालेत. लिहायला कंटाळा येतो, पण कोणाला काय दिसतं हे फाइल उघडताच कळतं.

संथपणाचा दोष मात्र एकट्या डेप्थवर टाकणार नाही. पानावर ५० सौदे असले की यादीची १ क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा), शेतकऱ्यांच्या ५०, गावांच्या ५०, अशा १०१ क्वेरी होत होत्या. हाताने लिहिलेल्या नेस्टेड (एकात एक) सीरिअलायझरमध्येही हेच होतं. जोडलेली माहिती एकत्रच आणणाऱ्या जँगोच्या ‘सिलेक्ट रिलेटेड’मध्ये शेतकरी आणि त्याचं गाव दिलं, तेव्हा ते एका क्वेरीत आलं.

नवा सौदा नोंदवतानाही डेप्थने अडवलं. आतला ऑब्जेक्ट फक्त वाचण्यापुरता असतो, त्यामुळे ॲपने पाठवलेला शेतकऱ्याचा आयडी गुपचूप गळायचा आणि डेटाबेस रिकाम्या फॉरेन कीवर (सौद्याला शेतकऱ्याशी जोडणाऱ्या रकान्यावर) अडायचा. आता लिहिण्यासाठी वेगळं ‘राइट ओन्ली’ फील्ड आहे.

‘फ्लेक्स फील्ड्स’ हे पॅकेजही गेले तीन महिने वापरतोय. मोबाइलवाली टीम ‘एक्स्पांड’ लिहून हवं तेवढंच मागवते. तपशिलाच्या स्क्रीनला ते छान जमतं, पण उलगडता येणाऱ्या गोष्टींची यादी आम्हीच ठरवतो.

डेप्थ मी अजूनही घरच्या प्रयोगाला वापरतो. कळमन्याच्या सर्व्हरवर प्रत्येक लॉगिनची एक टेस्ट आहे: उत्तरातल्या कीज ठरलेल्या यादीशी तंतोतंत जुळल्या नाहीत, तर कोड पुढे जात नाही.